सोडून दिलेली फौज

दिवाळीत पुसदला आलेला भाचा सांगत होता, "मामा, वॉरहॅमर म्हणून टेबलावर मांडायचा लढाईचा खेळ आहे. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने त्यातलं जुनं जगच संपवलं. 'टूम किंग्ज' ही सांगाड्यांची फौज पुढे विकणंही बंद केलं. तरी लोक जुन्या नियमांनी खेळत राहिले. २०२४ मध्ये फौज परत आली!"

मला आबाजी आठवले. त्यांचं बुद्धिबळ देशी... प्यादं एकच घर चालणार, कॅसलिंग नाही, शह बसला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखा उडणार. शाळेत 'आंतरराष्ट्रीय' नियम शिकून आलो आणि म्हणालो, "तुमचं चूक आहे." आबाजी मग माझ्याच नियमांनी खेळले. आणि हरत गेले.

त्यांची फौज कुठल्या कंपनीने नाही, मी बंद पाडली.

असो. काल पट काढला. भाच्याला म्हटलं, आज आबाजींच्या नियमांनी.