तिलोनियाची अनवाणी शाळा

राजस्थानात अजमेरला उतरून किशनगढमार्गे आम्ही तिघे तिलोनियाला गेलो. किशनगढची संगमरवराची पांढरी धूळ अजून अंगावर होती. साल २०१८, डिसेंबर. १९७२ मध्ये बंकर रॉय यांनी उभे केलेले ‘बेअरफूट कॉलेज’, म्हणजे अनवाण्यांचे महाविद्यालय, पाहायचे होते. कारण घरचेच. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही बायांसाठी संगणकवर्ग काढला. पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या, चौथ्या दिवशी तीन!

तिलोनियात डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई सौरविजेवरच्या संगणकावर हिशेब टिपत होत्या. शाळा बेताचीच झालेली. कशा शिकलात, असे विचारताच त्यांनी खुर्ची रिकामी केली नि आम्हालाच बसवले. “पहले अपना नाम लिखो.” देवनागरी कळफलकावर आमचे नाव निघेना. बीकॉम होऊन, कचेरीत वीस वर्षे काढून! तेव्हा आपली चूक उमगली. आम्ही बायांना इनपुट, आउटपुट घोकायला लावले होते. माउसला मात्र, बिघडेल म्हणून, हात लावू दिला नव्हता.

एक गोष्ट तेवढी पटली नाही. तेथे प्रमाणपत्र देत नाहीत. संस्था गांधीविचारांची, कागदापेक्षा कामाला मान. ठीक आहे. पण ज्यांना पिढ्यानपिढ्या कागदच मिळाला नाही, त्यांनी तो सोडायचा कसा? सरकारी कारकुनीला एमएस-सीआयटीचा दाखला मागतात. २००१ साली सुरू झालेली ही परीक्षा आम्ही तरुणांना द्यायला लावतोच. पन्नाशीच्या मावशींची गरज निराळी.

धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज दुकानदाराने भरला होता. मोबाइल नंबर टाकला स्वतःचा. अर्ज त्रुटीसाठी परत आला, निरोप गेला दुकानदाराला. शिष्यवृत्ती बुडाली. फीसाठी मावशींनी कानातले मोडले.

परतल्यावर वर्ग पुन्हा भरवला. आधी नाव, मराठीत. मावशींच्या साबणाने चिरलेल्या बोटांना माउसची लागोपाठ दोन टिचक्या जमेनात. आठवडा त्यातच गेला. आम्ही कंटाळलो, त्या नाही. मग मुलाला शेजारी बसवून महाडीबीटीचा नवा अर्ज उघडला. मोबाइलच्या रकान्यात त्यांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत स्वतःचा नंबर घातला. कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

“आला की हो!” म्हणत मावशी चष्मा शोधू लागल्या.