अर्धं कोर्ट

श्रावणातली संध्याकाळ वैरागात आधी नाकाला कळते. भिजलेल्या काळ्या रानाचा दरवळ, ओल्या सरपणाचा धूर आणि बार्शीकडून सोलापूरला निघालेल्या एसटीचं डिझेल असं सगळं मिसळून दारात येतं, आणि उजेड मात्र अजून उडदाच्या पानांवर रेंगाळत असतो. 6 ऑगस्ट 2016. इथं कंदील लागायच्या त्या वेळी पृथ्वीच्या पलीकडे, रिओत, दिवस वर चढत होता आणि बार्शीत जन्मलेली प्रार्थना ठोंबरे ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टावर उभी राहणार होती. शेजारी सानिया मिर्झा.

दुहेरीत जोडीदाराचा चेहरा फारसा दिसत नाही. दिसते ती पाठ. नेटजवळ वाकलेली पाठ, आणि कमरेमागं नेलेला हात. मुठीतून एक बोट उघडतं, पुन्हा मिटतं, आणि तेवढ्यावरून सर्व्हिस करणारीनं ओळखायचं की ही आता कुठं झेपावणार, हिच्या मागं पडणारी रिकामी जागा आपण कुठून झाकायची. हा खेळ मला फडातल्या झीलकऱ्यांसारखा वाटतो: शाहिराची ओळ विरायच्या आत मागच्यांनी ती अलगद उचलून धरायची. शाहीर अमर शेखांच्या बार्शीला हे वेगळं सांगायला नको.

मथळ्यात नाव सानियाचं आधी. साहजिकच आहे. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत दोघींनी कांस्यपदक जिंकलं, तेव्हा प्रार्थना वीस वर्षांची होती. पण अर्धं कोर्ट सांभाळणाऱ्या पोरीला लोक ‘सानियाची जोडीदार’ एवढ्यावरच ओळखत राहिले. मला त्याचा राग येतो. थोडासाच. कारण बोटांची ती भाषा एकटीनं बोलताच येत नाही.

रिओत समोर चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई. 6-7, 7-5, 5-7. पहिल्याच फेरीत हार. वहीत आकडे मांडून बेरीज केली: त्यांचे गेम 19, आपले 18. पावणेतीन तासांच्या आसपास चेंडू या अंगावरून त्या अंगावर जात राहिला आणि शेवटी तफावत उरली ती एका गेमची! पराभवाच्या बातमीत ही बेरीज कुणी छापत नाही.

प्रार्थना पुढंही खेळत राहिली, बहुतेक दुहेरीच, लहान-लहान स्पर्धांतून, दर वेळी नवी पाठ वाचत. निकालाच्या यादीत तिचं नाव शोधताना आता मी त्याच्या शेजारचं नावही वाचतो.