लिस्बनमधला मोहल्ला

युरोपातल्या एका राजधानीत, अगदी शहराच्या मध्यभागी, 'मुसलमानवाडा' नावाची वस्ती आहे असे कुणी सांगितले तर पटकन विश्वास बसणार नाही. लिस्बनमध्ये ती आहे. तिचे नाव मोरारिया. मोरारिया म्हणजे मूरांची वस्ती आणि मूर म्हणजे त्या भागातले मुसलमान. नाव आठशे वर्षांहून जुने आहे. ज्यांच्यावरून ते पडले, ते लोक मात्र पाचशे वर्षांपूर्वीच तिथून घालवले गेले.

११४७ साली अफोन्सो हेन्रीक या पोर्तुगालच्या पहिल्या राजाने लिस्बन जिंकले. पूर्वेकडे क्रुसेडसाठी निघालेले इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन सैनिक त्याच्या मदतीला होते. त्याआधी चारशेहून अधिक वर्षे शहर मुसलमानांच्या ताब्यात होते. जिंकल्यावर टेकडीवरचा किल्ला राजाचा झाला आणि खाली सेचे कॅथेड्रल उभे राहू लागले. जुनी मुख्य मशीद याच जागी होती, असे मानले जाते. उरलेल्या मुसलमानांना किल्ल्याच्या उत्तरेच्या उतारावर, तटाबाहेर जागा मिळाली. ११७० मध्ये राजाने त्यांना सनद दिली. कर भरा, वेगळे राहा, आपला धर्म पाळा, असा तो व्यवहार. १४९६ मध्ये राजा मानुएलने मुसलमान आणि ज्यू दोघांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला आणि मोरारियातला मूर संपला.

हे सगळे ऐकून 'अन्याय फक्त आमच्यावरच झाला' असा सूर लावण्याचा मोह होतो. पण मुसलमान फौजाही ७११ साली इबेरियात तलवार घेऊनच उतरल्या होत्या. त्यामुळे शहर बघताना फिर्यादीच्या भूमिकेत न शिरता नुसते चालायचे, असे मी ठरवले. लिस्बन चालण्यासारखेच शहर आहे. अर्ध्या दिवसात तुम्ही तीन वेगवेगळ्या काळांतून जाता.

पहिला काळ अल्फामाचा. किल्ल्याच्या दक्षिणेला नदीकडे उतरणारी ही वस्ती. नाव अरबी 'अल-हम्मा'वरून आले आहे. गरम पाण्याचे झरे. घरे बहुतेक नंतरची, पण गल्ल्यांची आखणी त्या जुन्या काळाची. मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला इथे नकाशा लागत नाही. गल्ली अचानक वळते, पायऱ्या होते, कुणाच्या तरी दारात संपते. समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका बोलत असतात. डोक्यावर वाळत घातलेले कपडे आणि कुठूनतरी मासे भाजल्याचा वास. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा. त्यांना 'अझुलेजू' म्हणतात आणि तो शब्दही अरबीच, 'अल-झुलैज'.

दहा मिनिटे खाली उतरलात की दुसरा काळ लागतो. बाइशा. इथे सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, इमारती एका उंचीच्या, खिडक्या एका मापाच्या. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट आली, मग अनेक दिवस आग पेटत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला आणि आशियाचा व्यापार जिथून चाले ते 'कासा दा इंडिया'ही गेले. खडकाळ टेकडीवरचा अल्फामा बराचसा वाचला, नदीच्या भुसभुशीत गाळावरची बाइशा कोसळली.

पुढे मार्केस द पोंबाल या मंत्र्याने ती नव्याने बांधून घेतली. प्रत्येक इमारतीच्या आत लाकडाचा एक सांगाडा बसवला. त्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. धक्का बसला की लाकूड लवते आणि इमारत उभी राहते. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची चाचणी घेतली, असे सांगतात. रस्त्यांना सोनार, चांभार अशा धंद्यांची नावे दिली. भूकंपाचा विचार करून सबंध वस्ती बांधण्याच्या युरोपातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. अल्फामात माणसांनी आपापल्या सोयीने घर वाढवले, बाइशात सरकारने शहर आखले. मला दोन्ही आवडले, हे कबूल करायला हवे.

तिसरा काळ पाहायला ट्रामने पश्चिमेला बेलेमला जावे लागते. इथे जेरोनिमोश मठ आहे. पांढरट चुनखडीचा, नदीला समांतर पसरलेला. सोळाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू झाले आणि मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून त्याचा खर्च निघाला. खांबांवर दगडात दोरखंड कोरले आहेत, गाठी आहेत, पाने आहेत. आतले दुमजली अंगण इतके सुंदर की माणूस बोलायचे थांबतो. आणि चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाचे थडगे लागते. त्याच्यावर जहाज कोरले आहे.

ते जहाज पाहून मला दुसरे जहाज आठवले. १५०२ मध्ये, आपल्या दुसऱ्या सफरीत, गामाने मलबारच्या किनाऱ्याजवळ 'मिरी' नावाचे जहाज अडवले. ते मक्केहून परत येत होते. त्यात हाजी होते, व्यापारी होते, बायका-मुले होती. मालमत्ता काढून घेतली, मग शेकडो माणसांसह ते जाळले. बायका तान्ही मुले वर उचलून दयेची याचना करत होत्या, हे त्याच ताफ्यातल्या तोमे लोपेश या पोर्तुगीज माणसाने लिहून ठेवले आहे. सहा वर्षांनी, डिसेंबर १५०८ मध्ये, फ्रान्सिश्कु द अल्मेदाने आपल्या कोकणातले दाभोळ जाळले. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. मठासमोर नदीकाठी दर्यावर्दींचे उंच स्मारक आहे. त्यात गामाही आहे, अल्बुकर्कही. आपला हापूस याच अफोन्सोच्या नावाचा, असे म्हणतात. म्हणजे त्याचे नाव आपण दर उन्हाळ्यात मिटक्या मारत घेतो.

मग या सौंदर्याचे करायचे काय? मठ पाहून नाक मुरडणे खोटेपणाचे होईल. तो घडवणाऱ्या पाथरवटाने कुणाचे जहाज जाळले नव्हते. पण मिरीचा पैसा दिसतो आणि 'मिरी' जहाज दिसत नाही, हेही खरे. गामाच्या थडग्यावर ते कोरलेले नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जुन्या औद्योगिक जमिनीवर उभ्या केलेल्या काचेच्या नव्या वस्तीतही सुमारे १७ किलोमीटर लांबीचा पूल त्याच्या नावाचा, मॉलही त्याच्याच नावाचा.

यावर उत्तर शोधायला लिस्बनबाहेर जावे लागत नाही. बाइशाच्या कडेला साओ दोमिंगोश चर्च आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये इथे सुरू झालेल्या दंगलीत जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना काही दिवस वेचून मारले गेले. बळींची संख्या दोन हजारांच्या आसपास मानली जाते. २००८ मध्ये शहराने चर्चसमोरच्या चौकात त्यांचे साधे स्मारक उभारले. चर्च पाडले नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. काय झाले ते दगडावर लिहिले आणि ठेवून दिले. पाचशे वर्षे लागली, पण लिहिले. बेलेमला मला एवढेच हवे आहे. जिथे जिथे जेत्यांचे पुतळे उभे आहेत तिथे हवे आहे, आणि जिथे जेते आमचे होते तिथेही.

साओ दोमिंगोशहून पाच मिनिटांवर मार्तिम मोनीश चौक आहे. ११४७ च्या वेढ्यात किल्ल्याचे दार मुसलमानांना बंद करता येऊ नये म्हणून ज्या सरदाराने स्वतःचे शरीर दारात अडकवले, अशी आख्यायिका आहे, त्याचे हे नाव. चौकाच्या मागेच मोरारियाची बेनफोर्मोझो गल्ली. तिथे आज बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय यांची दुकाने आहेत. हलाल मटण, मोबाइल दुरुस्ती, भाजीत कारली आणि भेंडी. दार उघडे ठेवणाऱ्याच्या नावाचा चौक ओलांडून मुसलमान पुन्हा मोरारियात आले आहेत, फक्त या वेळी डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन.

त्यांचे आयुष्य सोपे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच गल्लीत पोलिसांनी डझनावारी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे केले. त्या छायाचित्रांवरून देशभर वाद झाला. पुढच्याच महिन्यात हजारो लोक, त्यात पोर्तुगीज मोठ्या संख्येने, 'आम्हाला भिंतीला लावू नका' म्हणत रस्त्यावर उतरले. १९९२-९३ नंतर मुंबई सोडून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना ती भिंत समजावून सांगावी लागणार नाही. शेजारी रस्त्यावर उतरणे म्हणजे काय, हेही त्यांना माहीत आहे.

गल्लीतल्या एका किराणा दुकानात मी पाणी घेतले. दुकानदार सिल्हेटचा. मी भारतातला आणि मुसलमान, हे कळल्यावर त्याने पैसे घ्यायला खळखळ केली. मी पाव मागितला तेव्हा त्याला हसू आले. हा शब्द तर इथलाच, म्हणाला. खरेच, पाव, बटाटा, चावी, पगार, काजू हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांनीच दिले. मग त्याने मला बदल्यात एक शब्द दिला, 'ओशाला'. पोर्तुगीज माणूस 'असे घडो' म्हणताना हा शब्द वापरतो आणि तो 'अल्लाहची इच्छा असेल तर' या अर्थाच्या अरबी बोलातून आला आहे. कागदपत्रे कधी होतील, असे मी विचारले तेव्हा दुकानदाराने खांदे उडवले आणि तोच शब्द म्हटला. पोर्तुगीज म्हणून म्हटला की मुसलमान म्हणून, हे काही मी विचारले नाही.