बाईचा रोज

आमच्याकडं मजुरीला रोज म्हणतात, आणि गावात रोज दोन असतात. एक गड्याचा, एक बाईचा. भाव कोण ठरवतं ते कुणी सांगू शकत नाही. पेरणी उरकली की हॉटेलात चहा पिताना कानावर येतं, "औंदा बाईला तीनशे, गड्याला पाचशे." झालं, तोच सगळ्या शिवाराचा कायदा.

मी दहावी शिकलेला, पण वही ठेवायची सवय आहे. एकदा रानात जेवणाच्या सुट्टीत खुरपणीची एक बाई म्हणाली, "दादा, दोनशे कमी कशापायी? खुरपं काय आम्हाला बघून हलकं होतं का?" हसण्यावारी बोलली, पण प्रश्न खराच होता. रात्री मी वही काढली.

गडी आठला येतो, बाई घरचं सगळं आवरून दहाला. सुट्टी वजा जाता गड्याचे सात तास भरतात, बाईचे सहा. म्हणजे बाईला तासाला पन्नास रुपये पडले. तिनं सातवा तास भरला असता तर साडेतीनशे झाले असते. दोनशेतले पन्नास असे वेळेत गेले. राहिले दीडशे. ते कशाचे?

लोक म्हणतात, गड्याचं काम जड. औषधाचा पंप पाठीवर घेऊन फवारायचं, पोती उचलायची, हे जडच आहे. त्याचे जास्त द्यावेत. पण मग तुलना सारख्या कामाची करावी. सोयाबीन सोंगताना एका पातीला गडी असतो, शेजारच्या पातीला बाई. विळा तोच, ऊन तेच. दिवस कलल्यावर मी पाती मोजून बघितल्या. बाया मागं नव्हत्या. म्हणजे तो दीडशेचा फरक कामाचा नव्हता, तो लुगड्याचा होता.

तेच काम उक्तं दिलं की गंमत बघा. एकरावर सोंगणी ठरली की टोळीतले नवरे-बायका पैसे सारखे वाटून घेतात. कापूस वेचणी किलोवर असते, तिथं काटा बाई-गडी ओळखत नाही. उलट बायांची बोटं चपळ, त्याच जास्त नेतात. माप मधे आलं की फरक गळून पडतो.

हे मी लहानपणीही पाहिलं होतं. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. हाताला घट्टे पडले, सुकडी खाऊन दिवस काढले. पण खडीचा ढीग मोजला जायचा, फोडणारा हात कुणाचा ते नाही. पुढं वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी कायद्यात बसली. 1977 चा तो कायदा, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यात कामाच्या मापावर मजुरी, बाईला आणि गड्याला दर एकच. समान वेतनाचा देशाचा कायदा तर 1976 सालीच झाला होता. सरकारी मस्टरवर जे जमलं, ते बांधाच्या आत यायला अजून वाट चुकतंय.

सगळ्यात अवघड हिशेब ऊसतोडीचा. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मजुरी टनावर, पण उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आता तिची मजुरी किती, कुणी सांगावं? पहाटे उठून भाकरी थापते ती कुठल्या टनात धरायची? जिथं वेगळं माप नाही, तिथं फरक दिसतसुद्धा नाही. कमी मजुरी निदान दिसते तरी. हिची मजुरी वहीत येतच नाही.

गेल्या दोन सुगींपासून मी सोंगणीला एकच रोज धरतो, तासावर. शेजारचा बांधकरी तावातावानं आला, "आण्णा, तुम्ही भाव बिघडवला. उद्या आमच्या बाया अडून बसतील." त्याचंही खोटं नाही. सोयाबीनला भाव नसला की आम्हालाच परवडत नाही. मी म्हटलं, "बाबा, न परवडण्याचा भार वाटून घेऊ. पण तो एकट्या बाईच्याच पदरात का टाकायचा?"

तो काही बोलला नाही. यंदा त्यानं सोंगणी उक्ती दिली.