फक्त तीन नग शिल्लक!

सुंदरपेरुमाळ कोयिल

प्रिय नीलू,

बदली होऊन इकडे तमिळनाडूत आल्यापासून संध्याकाळी काय करतेस, असं विचारलं होतंस ना? तर ऐक. शेजारच्या पाट्टीचा फोन झाडूनपुसून देते. पाट्टी म्हणजे आजी. तिचं मराठी शून्य, माझं तमिळ तोडकंमोडकं, पण फोनच्या तक्रारी कळायला भाषा लागते कुठे!

परवा बिचारी घाबरीघुबरी होऊन आली. दर पाच मिनिटांनी वरून लाल पट्टी घरंगळत यायची: फोनमध्ये व्हायरस, आत्ताच्या आत्ता साफ करा! व्हायरस कसला डोंबलाचा. कुठल्याशा साइटने नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मागितली असणार आणि हिने 'अलाऊ' दाबलं असणार. एकदा ते दाबलं, की क्रोम बंद असला तरी त्या साइटच्या जाहिराती येतच राहतात, आणि माणसाला वाटतं फोनच आजारी पडलाय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', तिथे 'नोटिफिकेशन्स' उघडलं. अनोळखी नावांची ही लांबलचक रांग! एकेकाची परवानगी काढून घेतली, फोन गप्प. कधी पडदाभर जाहिरात आली तर ती मोहरीएवढी फुली शोधत बसू नये. कित्येकदा ती फुली म्हणजे जाहिरातीतलंच चित्र असतं, बोट लागलं की पुढचं पान उघडलंच. सरळ अख्खा टॅब बंद करावा.

त्याच फोनवर मला एक नमुना सापडला. 'स्वामीमलैची अस्सल पंचलोह नटराजमूर्ती, 70 टक्के सूट, फक्त तीन नग शिल्लक', खाली उलटं पळणारं घड्याळ. स्वामीमलै इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला हसूच फुटलं. तिथले स्थपती आधी मेण आणि राळ मिसळून अख्खी मूर्ती घडवतात, बोटांच्या नखांसकट. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर देऊन सावलीत वाळवतात. मग साचा तापवून मेण बाहेर काढायचं, त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा आणि निवल्यावर साचा फोडायचा. फोडायचा, नीलू! एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मग एकसारखे 'तीन नग' आले कुठून? पान बंद करून पुन्हा उघडलं तर घड्याळ परत पहिल्यापासून सुरू. मला मूर्तीपेक्षा त्या घड्याळाचा राग जास्त. माणसाला विचार करायला उसंतच द्यायची नाही, सगळा धंदा एवढ्यावरच चालतो.

हे बेकायदा आहे बरं का. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. खोटी घाई त्यात आहे, सारखं टुमणं लावणं आहे, व्हायरसची खोटी भीती घालणंही आहे. फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर, जानेवारी 2024 मध्ये, 'राममंदिराचा प्रसाद' म्हणून साधी मिठाई विकली जात होती, तेव्हा याच प्राधिकरणाने ॲमेझॉनला नोटीस धाडली होती. पण मोठ्या दुकानाला पत्ता असतो. रातोरात उगवून चार दिवसांत गायब होणाऱ्या साइटला नोटीस कुठे चिकटवायची? म्हणून कायद्यावर माझा भरवसा निम्माच.

आणि आपोआप उघडणारी ही जाहिरातीची खिडकी, म्हणजे पॉप-अप, ज्याने आणली, त्या ईथन झुकरमन नावाच्या अमेरिकनाने 2014 मध्ये जाहीर माफी मागितली. नव्वदच्या दशकात तो ट्रायपॉड कंपनीत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या मजकुराच्या पानावर झळकली, ती कंपनी भडकली, म्हणून याने जाहिरातीला वेगळी खिडकी काढून दिली. माफी मागून खिडक्या थोड्याच मिटतात!

आता तुझं काम. तुझ्या सासूबाई दिवसभर फोनवर कीर्तनं ऐकतात, त्यांचा फोन रविवारी हातात घे आणि ती परवानग्यांची रांग रिकामी कर. फसवी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट ठेव आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कर. आणि कोणाचे पैसे गेलेच, तर लाजत बसू देऊ नकोस, त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांग.

तुझी,
माधुरी