थरथरीचा तपास

विजेवर चालणाऱ्या मोटारीचे पहिले सुख म्हणजे तिचे मौन. आणि ज्या दोषाची हकीकत मी येथे सांगणार आहे, तो इतक्या ठळकपणे माझ्या प्रत्ययास आला याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्या मौनालाच द्यावे लागेल. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा अखंड घोष आणि सायलेन्सरची घरघर यांच्या गलबल्यात चाकांची लहानसहान गाऱ्हाणी बुडून जातात. येथे त्यांना प्रतिस्पर्धी असा कोणी उरतच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर चाळीस-पन्नासच्या वेगाने हिंडताना नवी गाडी कमालीची सालस वाटत असे. परंतु नागपूरला मुलीकडे जाण्यासाठी सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि वेगाचा आकडा ९५ च्या पुढे सरकला, तशी आसनातून व पायाखालच्या तळातून एक बारीक, सलग थरथर वर येऊ लागली. १०५ च्या सुमारास ती ऐन भरात येई, ११५ नंतर काहीशी ओसरे, आणि वेग ९० च्या आत आणला की गाडी जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पूर्ववत धावू लागे.

प्रथम संशय गेला तो रस्त्यावर, आणि तो रास्तही होता. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे, आणि पकड राहावी म्हणून अशा पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. शिवाय काँक्रीटच्या रस्त्याला साधारणतः दर साडेचार मीटरला सांधा असतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. तेव्हा सांध्यांचे ठोके सेकंदाला सहा पडावयास हवेत. माझ्या आसनाखालची थरथर त्याहून कितीतरी दाट होती. खात्रीसाठी शहराबाहेरच्या एका चांगल्या डांबरी पट्ट्यावर तोच वेग धरून पाहिला, तर थरथर तेथेही इमानाने हजर. रस्ता निर्दोष सुटला.

मग सर्व्हिस सेंटर. तेथील तरुण ॲडव्हायझरने तक्रार अदबीने नोंदवून घेतली, चारही चाके बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली गेली, रिमच्या कडेला नवी वजने चिकटवली गेली, आणि पडद्यावर उमटलेली शून्ये मला मुद्दाम बोलावून दाखवण्यात आली. थरथर तसूभरही कमी झाली नाही. पुढच्या खेपेस अलाइनमेंट करून देण्यात आली, जिचा या दुखण्याशी वास्तविक काही संबंध नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते, टायर तिरपे झिजतात, पण अमुकच वेगात शिरणारा आणि अमुकच वेगात निघून जाणारा कंप तिच्यापासून उद्भवत नाही. त्याही पुढच्या खेपेस त्या तरुणाने माझ्याबरोबर दोन-तीन किलोमीटर चक्कर मारली आणि परतताना समजुतीच्या सुरात म्हटले, "काका, इलेक्ट्रिक गाडीत इंजिनचा आवाज नसतो ना, म्हणून एवढंसंही जाणवतं. गाडी ओके आहे." जॉबकार्डावर शेरा पडला: ट्रायल घेतली, दोष आढळला नाही.

न्यायालयाच्या दफ्तरात ज्याचे आयुष्य गेले, त्याला अशा शेऱ्याचा राग येत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की पुरावा अपुरा पडला. ॲडव्हायझरचे म्हणणे अर्धे खरे होते. मौनामुळे कंप अधिक जाणवतो हे कबूल. परंतु जाणवतो तो कंप असतोच, मौन त्याला जन्माला घालीत नाही. तेव्हा "जाणवते" या मोघम फिर्यादीऐवजी कंप कोठून, केव्हा आणि सेकंदाला किती वेळा येतो, याचे टिपण स्वतःच तयार करण्याचे मी ठरवले.

माझा भाचा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात आहे. त्याला हे प्रकरण सांगताच त्याने पहिला प्रश्न असा केला की, "मामा, ॲक्सिलरेटर सोडल्यावर थरथर बदलते का?" या प्रश्नातले मर्म पुढे ध्यानात आले. मोटारीचा जोर चाकापर्यंत नेणारा ड्राइव्हशाफ्ट किंवा त्याचा आतला सांधा बिघडला असेल, तर जोर देताना कंप वाढतो आणि जोर काढताच बदलतो. ब्रेकची तबकडी वाकडी असेल तर तो ब्रेक दाबतानाच येतो. आम्ही रस्ता रिकामा पाहून १०५ च्या वेगात जोर दिला, काढला, वेग कमी होताना वीज परत बॅटरीत भरणारी ती व्यवस्था शून्यावर आणून गाडी नुसती वाहू दिली, हलकेच ब्रेक लावला. कंपाला त्याचे सोयरसुतक नव्हते. तो केवळ वेगाचा चाकर होता.

नंतर भाच्याने आपला मोबाइल आसनाच्या लोखंडी पट्टीवर घट्ट बसवला आणि त्यातील कंपनमापकाचे ॲप सुरू केले. १०० च्या वेगाला सेकंदाला १४ च्या आसपास, वेग वाढवला की त्याच प्रमाणात अधिक. या एका आकड्याने तपासाची दिशाच निश्चित केली. आमच्या चाकाचा परीघ दोन मीटरच्या जवळपास आहे. सेकंदाला २८ मीटर धावणारी गाडी म्हणजे चाकाचे सेकंदाला १४ फेरे. विजेच्या मोटरीचा दोष असता तर हिशेब निराळाच लागला असता, कारण या गाड्यांत गिअर एकच असतो आणि मोटर चाकाच्या नऊ-दहा पट वेगाने फिरते. तिचा असमतोल सेकंदाला सव्वाशेच्या वर कंप उत्पन्न करील, तो आसनाला हलवणार नाही, कानाशी गुणगुणेल. सबब बॅटरी, मोटर आणि तिचे नियंत्रण करणारी सारी इलेक्ट्रॉनिक मंडळी संशयमुक्त झाली, आणि इतक्या आधुनिक वाहनाचे दुखणे अखेर बैलगाडीलाही असणाऱ्या अवयवात, म्हणजे चाकात निघाले, याची मला थोडी गंमतही वाटली.

अमुकच वेगात कंप का, याचेही उत्तर याच आकड्यात आहे. स्प्रिंगखाली लोंबणारे चाक आणि त्याचा सरंजाम यांची स्वतःची एक आंदोलनाची गती असते, ती सर्वसाधारणपणे सेकंदाला दहा ते पंधराच्या दरम्यान येते. चाकाचा फेरा तिच्याशी जुळला की लहानसा धक्काही मोठा होतो, आणि पुढे गेला की ओसरतो. धक्का तरी केवढा? रिमवर तीस ग्रॅमची तूट असली, तर १०० च्या वेगात ती साडेचार किलोंच्या आसपासच्या जोराने आसाला ओढते, सेकंदाला चौदा वेळा. पन्नासच्या वेगात हाच जोर चौथाईवर येतो. शहरात गाडी सालस का वाटे, हे उघड आहे.

परंतु मशीनवर तर शून्य आले होते! आणि आणखी एक कोडे होते, ज्याकडे माझे लक्षच नव्हते. ते आमच्या सौभाग्यवतींनी मागच्या आसनावरून दाखवून दिले. नागपूरच्या वाटेवर मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता त्या म्हणाल्या, "सारखी नाही होत ही थरथर. येते, वाढते, अगदी थांबते, आणि पुन्हा येते. मी अक्षरांवरून सांगते." घड्याळ लावले तेव्हा हा भरती-ओहोटीचा क्रम पाव मिनिटाच्या आसपासचा निघाला. भाचा हे ऐकून अक्षरशः उडालाच. "मामी, मग चाक एक नाही, दोन आहेत!" दोन चाके सदोष असतील आणि त्यांचे परीघ किंचित् भिन्न असतील, तर दोहोंचे धक्के कधी एकत्र पडतात, कधी एकमेकांच्या उलट. दोन मीटरच्या परिघात एका सेंटिमीटरचा फरक धरला तर दर चारशे मीटरला लहान चाक पुरता एक फेरा अधिक मारते, आणि १०० च्या वेगात चारशे मीटरला चौदा-पंधरा सेकंदच लागतात. शिवाय प्रत्येक वळणात बाहेरचे चाक आतल्याहून जास्त अंतर चालते, त्यामुळे वळण संपल्यावर हा मेळ पुन्हा नव्याने मांडला जातो. ॲडव्हायझरच्या त्या धावत्या चकरेत आमच्या वाट्याला ओहोटी आली असावी. त्याने खोटे सांगितले नव्हते, तो फक्त चुकीच्या काही सेकंदांना साक्षीदार होता.

दुसऱ्या रविवारी आम्ही मागची चाके पुढे व पुढची मागे बसवली. आसन शांत झाले, आणि स्टिअरिंग मात्र बोटांत शहारू लागले. चाके सरकली, तसा दोषही सरकला. आता हबकडे किंवा सस्पेन्शनकडे बोट दाखवण्यास जागा उरली नाही. ती दोन चाके भाच्याने पुन्हा मागे, जेथे ती मोकळी फिरतात तेथे चढवली, गाडी जॅकवर घेतली, टायरच्या मधल्या पट्ट्यावर खाचा बुजाव्या म्हणून चिकटपट्टी गुंडाळली, आणि कारखान्यातून आणलेला डायल गेज टेकवून चाक हाताने हळूहळू फिरवले. उजव्या टायरची उंची एका फेऱ्यात पाऊण मिलिमीटरच्या वर खालीवर होत होती, डाव्याची सव्वा मिलिमीटर. केवळ रिमवर काटा टेकवला तेव्हा डावे रिम जवळजवळ निर्दोष ठरले. उजव्याला मात्र किंचित उंचवटा होता, आणि दुर्दैवाने टायरचा उंचवटा नेमका त्याच्यावरच येऊन बसला होता.

येथे त्या शून्याचाही उलगडा झाला. बॅलन्सिंगचे मशीन चाक अधांतरी फिरवते. वजन एका अंगाला झुकते की नाही एवढेच त्याला विचारलेले असते, आणि तेवढ्याचे उत्तर ते प्रामाणिकपणे देते. परंतु टायर हा रबर, कापड आणि पोलादी तारा यांचे थर एकावर एक जोडून घडवलेला पदार्थ आहे. त्याच्या जोडांपाशी तो कोठे जाड, कोठे ताठ राहू शकतो. वजने समतोल असूनही असा टायर रस्त्यावर गाडीचा भार घेऊन लोळू लागला की त्याचा ताठ भाग प्रत्येक फेऱ्याला आस वर ढकलतो. तीनशे किलोंच्या आसपासची बॅटरी पोटाशी बाळगणाऱ्या गाडीत हा भार काही थोडाथोडका नसतो. त्यात सर्व्हिस सेंटरने हवाही दरवाजाच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेल्या दाबापेक्षा बरीच अधिक मारून ठेवली होती, त्यामुळे टायर अधिकच ताठले होते. हवा बेताची केली तेव्हा थरथर थोडी निवळली, गेली नाही.

हे सर्व तपशील, वेगनिहाय आकडे आणि गेजचे मोजमाप मी एका अर्जात मांडून सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांकडे रुजू केले आणि त्याची पोच घेतली. कागदाचा महिमा असा की ज्या तोंडी तक्रारीला समजुतीचे शब्द मिळत होते, तिला आता कामाला लागलेली माणसे मिळाली. उजवा टायर रिमवरून उतरवून अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवण्यात आला, म्हणजे रिमचा उंचवटा टायरच्या सखल भागाखाली गेला, आणि मग पुन्हा बॅलन्सिंग. नव्या टायरच्या बाजूवर पुष्कळदा एक तांबडा व एक पिवळा ठिपका असतो. तांबडा सर्वांत ताठ जागा दाखवतो, पिवळा सर्वांत हलकी, आणि टायर बसवणाऱ्याने या ठिपक्यांकडे पाहावे अशी अपेक्षा असते. आमच्या टायरवरचे ठिपके केव्हाच पुसले गेले होते. त्या चाकापुरती व्याधी तेथेच संपली.

डाव्याची गोष्ट लांबली. तेथे रिम सरळ होते, दोष टायरच्याच घडणीत होता, आणि टायरची हमी गाडीच्या कंपनीची नसून टायर बनवणाऱ्या कंपनीची असते, हे ज्ञान मला तेव्हा झाले. तिचा निरीक्षक येणार, पाहणी करणार, अहवाल पाठवणार, मग निकाल. निरीक्षक आले ते आपल्याबरोबर झीज मोजण्याची पट्टी घेऊन. झीज समान आहे, टायरला फुगा नाही, चीर नाही, म्हणून ते परत निघाले होते. मी त्यांना चहा देऊन थांबवले, भाच्याला गेजसह बोलावले आणि काटा त्यांच्या डोळ्यांदेखत फिरवला. सद्गृहस्थ मुळात प्रामाणिक होते; दोन वेळा चाक स्वतः फिरवून त्यांनी वहीत आकडा टिपला. काही आठवड्यांनी नवा टायर आला. तोही गेजखाली तपासूनच आम्ही बसवून घेतला, आणि सावंगीहून जालन्यापर्यंत १०५ च्या वेगात मागच्या आसनावर वाचन निर्वेध पार पडले, अशी सौभाग्यवतींची ग्वाही मिळाली.

गाडी ताब्यात घेतेवेळी जॉबकार्डावर केलेल्या कामाच्या रकान्यात "व्हील बॅलन्सिंग" एवढेच लिहिलेले आढळले. ते खोडून "डावा मागील टायर सदोष आढळल्याने बदलला, उजवा टायर रिमवर फिरवून बसवला" असा मजकूर लिहवून घेतला आणि मगच खाली सही केली.