फोन माणशी, नेट घरटी

घरातल्या प्रत्येक माणसाकडे स्वतःचा फोन असावा, पण प्रत्येक फोनमध्ये नेट असण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यात राहून, इथल्या कमाईवर घर चालवताना माझं हे मत बनत गेलं आणि हिशेब मांडला तसं ते पक्कं झालं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. एका सिमचे वर्षाला ३,८८७ रुपये झाले. आई-वडील, मुलगा आणि सून अशा चार फोनच्या घराचे १५,५४८. ही रक्कम आष्टी, पाटोदा, शिरूर किंवा धारूरच्या माणसाला कळेल अशा मापात मांडायची तर ती ऊसतोडीच्या मजुरीत मांडावी. जानेवारी २०२४ च्या करारात मजुरी ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे ३६६ रुपयांच्या घरात आली. त्या दराने चार फोनच्या वर्षभराच्या रिचार्जसाठी बेचाळीस टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर हे तीन आठवड्यांचं काम झालं. आणि एवढं मोजून घेतलेल्या नेटपैकी दिवसभरात न वापरलेलं नेट रात्री बारा वाजता संपतं. फडात राबणाऱ्या माणसाला ते वापरायला सवड कुठली?

हा खर्च टाळता येत नाही, असं बरीच वर्षं खरंच होतं. नुसतं बोलण्यापुरता पॅक मागितला तरी त्यासोबत नेट विकत घ्यावंच लागे. २३ डिसेंबर २०२४ ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम बदलून कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले. पहिले दर चढे होते. ट्राय ते तपासणार म्हटल्यावर काही दिवसांतच ते खाली आले. एअरटेलचा ३६५ दिवसांचा पॅक १,८४९ रुपयांना, जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८ ला आणि ८४ दिवसांचा ४४८ ला मिळू लागला. आता तोच हिशेब पुन्हा करू. एका फोनमध्ये नेट ठेवलं आणि बाकीच्या तिघांना वर्षभराचा बोलण्याचा पॅक मारला, तर ३,८८७ आणि ५,५४७ मिळून ९,४३४ रुपये होतात. सहा हजारांहून जास्त वाचले आणि एकाचंही बोलणं थांबलं नाही. घरात टच फोन जास्त असले तर नेटच्या फोनचा हॉटस्पॉट लावून काम भागतं. बटणाचा फोन ठेवला तर आणखी एक सोय: त्याची बॅटरी दिवसचे दिवस टिकते, आणि फडाजवळच्या कोपीत जिथे वीज नसते तिथे ही गोष्ट नेटपेक्षा मोलाची असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरकारी कामांचा. सगळं ऑनलाईन झालंय, मग नेटशिवाय कसं चालेल? पण यातलं नेमकं काय लागतं, ते सुटं करून बघावं. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही. ई-पीक पाहणीसाठी टच फोन लागतो, पण एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. घरात एक फोन पुरतो. सातबारा, दाखले, विमा यांसाठी लोक आजही आपले सरकार केंद्रातच जातात. पैसे पाठवायचे तर *९९# ची सोय नेटविना चालते, आणि मार्च २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं आहे. क्यूआर कोड स्कॅन करून भाजी घेण्याइतकं ते सोपं नाही, हे मान्य. मात्र त्या सोयीसाठी घरातल्या चौघांनीही वर्षाला चार-चार हजार मोजावेत हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो बायकांच्या बाजूचा आहे. घरात नेटचा एकच फोन ठेवायचा म्हटलं की तो कर्त्या पुरुषाच्या नाहीतर थोरल्या मुलाच्या खिशात जातो. सुनेच्या हाती बटणाचा फोन येतो आणि काटकसरीचा सगळा भार तिच्यावर पडतो. असं होणार असेल तर ही काटकसर मला नको. पण इथे फोन, नंबर आणि नेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईला सर्वांत आधी हवा तो स्वतःचा, आधारला आणि बँक खात्याला जोडलेला, चालू असलेला नंबर. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत ओटीपीविना पुढे जाता येत नव्हतं. ज्या बाईचा आधारला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल, तिचं काम अडणारच. दर २८ दिवसांनी २९९ रुपये मागणारा पॅक अडचणीच्या महिन्यात राहून जातो, आणि आधी राहतो तो बहुधा तिचाच. वर्षाचा पॅक एकदा मारला की तिचा नंबर वर्षभर कोणाच्या मर्जीवर राहत नाही. नेटचं सिमही शक्यतो तिच्याच फोनमध्ये ठेवावं. बचत गटाचे निरोप, अंगणवाडीचा ग्रुप, मुलांचा अभ्यास, नेटची ही घरगुती कामं बहुतेक तीच करते.

स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी मात्र मला माझं सूत्र सैल करावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मुलं गावात आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईला लेकराचं तोंड दिसावं एवढ्यासाठी व्हिडिओ कॉल हवा, आणि तो चैनीत मोजू नये. अशा घराला हंगामात नेटचे दोन फोन लागतात: एक गावी, एक टोळीवर. बाकीच्या सिमना ८४ दिवसांचा पॅक चांगला बसतो. लागोपाठ दोन पॅक म्हणजे १६८ दिवस. कारखाना सुरू झाल्यापासून गाळप संपून पट्टा पडेपर्यंतचा काळ साधारण त्यात निघतो. दोन पॅकचे ८९६ रुपये होतात. तेवढ्याच दिवसांसाठी २९९ चे सहा पॅक १,७९४ ला पडतात. म्हणजे खर्च जवळजवळ निम्मा. उचल हातात आल्यावर वर्षाचाच पॅक एकदम का मारू नये, असं कोणी विचारेल. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत त्याने जरूर मारावा. पण उचल हे कर्ज आहे, ते घामाने फेडायचं असतं, आणि त्यातून पुढच्या पावसाळ्याचं रिचार्ज आज भरायला सांगणं मला धाडसाचं वाटतं.

वायफाय घ्यावं का, हेही नेहमी विचारलं जातं. फायबरचा ३९९ रुपयांचा प्लॅन १८ टक्के जीएसटीसह ४७० च्या वर जातो, वर्षाला साडेपाच हजारांहून जास्त, शिवाय चारही सिमचा बोलण्याचा खर्च वेगळाच. एकूण तेरा हजारांच्या आसपास. बीड, अंबाजोगाई किंवा परळीत घरात शिकणारी दोन-तीन मुलं असतील तर हा खर्च योग्य आहे. सहा महिने कुलूप लागणाऱ्या घरात तो वाया जातो. करमणुकीसाठी तर नेट अजिबात लागू नये. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, आकाशवाणीचं बीड केंद्र फुकट ऐकू येतं, आणि कीर्तनं-भजनं मेमरी कार्डात भरून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

घराने करायचं ते एवढंच. टोळीवरच्या त्या दुसऱ्या नेटच्या फोनचा खर्च मात्र घराच्या माथी का असावा, हा प्रश्न मी कारखान्यांना विचारतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत कोणत्याही छोट्या दुकानाला परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं. कारखान्याच्या गाडीतळावर असा एक हॉटस्पॉट बसवणं ही साखर उद्योगाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने पुढच्या गाळप हंगामाआधी तशी मागणी कारखान्यांकडे लेखी करावी, आणि कोप्यांजवळ फोन चार्ज करण्याच्या सोयीचाही तिच्यात समावेश करावा.